उजव्या बाजूने धावणारी गाडी

जर्मनीत लान नदीच्या काठी बाद एम्स हे गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव आहे. दोन्ही अंगांना झाडीने भरलेले डोंगर, मधून संथ वाहणारी नदी आणि काठाकाठाने फिरायला केलेला रस्ता. त्या रस्त्यात एक दगड बसवलेला आहे. विचारत विचारत गेलं तरच सापडतो. त्यावर तारीख आणि वेळ कोरली आहे : १३ जुलै १८७०, सकाळी ९ वाजून १० मिनिटं. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवताना ‘एम्सची तार’ हे शब्द मी फळ्यावर लिहीत आले. त्या दगडापाशी उभी राहिले तेव्हा वाटलं, कारणं लिहून देऊन मी मुलांना पुढच्या धड्याकडे फार लवकर नेलं.

त्या सकाळी प्रशियाचे राजे पहिले विल्हेल्म इथे फिरायला निघाले होते. फ्रान्सचे राजदूत बेनेदेत्ती त्यांना वाटेत भेटले. प्रश्न स्पेनच्या गादीचा होता. १८६८च्या क्रांतीत स्पेनच्या राणीला देश सोडावा लागला आणि रिकाम्या गादीसाठी होहेनत्सोलर्न घराण्यातल्या लिओपोल्डचं नाव पुढे आलं. प्रशियाच्या राजाच्या नात्यातला माणूस स्पेनमध्ये बसला, तर फ्रान्स दोन्हीकडून कात्रीत सापडणार. पॅरिसने आरडाओरडा केला आणि १२ जुलैला लिओपोल्डचं नाव मागेही घेतलं गेलं. भांडण तिथेच मिटायला हवं होतं. पण फ्रान्सला आता कायमची हमी हवी होती : पुढेही कधी असं नाव येणार नाही, असा राजाचा शब्द. राजाने सभ्यपणे नकार दिला आणि झालेली हकीकत तारेने बर्लिनला कळवली.

बर्लिनमध्ये ती तार प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्क याच्या हाती पडली, तेव्हा सरसेनापती मोल्टके आणि युद्धमंत्री रून त्याच्याकडे जेवायला होते. बिस्मार्कने तारेत नवं काही घातलं नाही, नुसती काटछाट केली. उरलेला मजकूर वाचून वाटावं की राजाने राजदूताला झिडकारलं आणि हुजऱ्याकरवी निरोप देऊन वाटेला लावलं. तोच मजकूर वर्तमानपत्रांना दिला गेला. त्यात भाषांतराची भर पडली. जर्मनमधला ‘आडयुटांट’ म्हणजे राजाच्या दिमतीचा वरिष्ठ अधिकारी. फ्रेंचमध्ये ‘अजुदाँ’ म्हणजे साधा हवालदाराच्या पायरीचा माणूस. आपल्या राजदूताकडे हवालदार पाठवला, असं पॅरिसने वाचलं. १९ जुलैला फ्रान्सने युद्ध पुकारलं.

एका तारेने युद्ध होत नाही, हे खरं. १८६६मध्ये प्रशियाने ऑस्ट्रियाला हरवल्यापासून फ्रान्स धास्तावलेला होता. दक्षिणेकडची बव्हेरियासारखी जर्मन राज्यं प्रशियाशी जोडून घ्यायला बिस्मार्कला एक सामायिक शत्रू हवा होता. फ्रान्सचा बादशहा तिसरा नेपोलियन याला ढासळती गादी सावरायला एक विजय हवा होता. तरीही मला वाटतं, त्या सहा दिवसांत कुणीतरी एकाने जरी पाऊल मागे घेतलं असतं, तरी लाखावर माणसं घरी राहिली असती.

एम्सहून मी स्ट्रासबुर्गला आले. माझी भाची तिथल्या एका प्रयोगशाळेत नोकरी करते. दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर मेत्सला निघाले. गाडी सुटली तशी ती म्हणाली, “मावशी, समोरून येणारी गाडी कुठल्या बाजूने जाते ते बघ हं.” थोड्या वेळाने समोरून एक गाडी धडधडत गेली, आमच्या डाव्या अंगाने. म्हणजे आमची गाडी उजव्या रुळावरून धावत होती. “मग त्यात काय?” मी विचारलं. “अगं, बाकी फ्रान्समध्ये गाड्या डावीकडून धावतात. आपल्यासारख्याच. इथे रूळ जर्मनांच्या पद्धतीचे, म्हणून उजवीकडून. जुन्या सरहद्दीपाशी एक रूळ पुलावरून दुसऱ्याच्या पलीकडे नेलाय. गाडी तिथे बाजू बदलते.” युद्ध जिंकून जर्मनीने १८७१मध्ये आखलेली सरहद्द १९१८मध्ये पुसली गेली. रुळांनी ती अजून धरून ठेवली आहे.

मेत्सचं स्टेशनही त्याच काळातलं. १९०८मध्ये जर्मनांनी पुरं केलेलं, जाड दगडी भिंतींचं, किल्ल्यासारखं. रुंद फलाट पलटणी भराभर चढता-उतरता याव्यात म्हणून. हे युद्ध रेल्वेनेच जिंकलं होतं, हा धडा जर्मन लष्कर विसरलं नव्हतं. १८७०मध्ये मोल्टकेच्या कचेरीत प्रत्येक गाडीची वेळ आधीच ठरलेली होती. अठरा दिवसांत साडेचार लाखांहून अधिक सैनिक सरहद्दीवर पोचले. फ्रान्सकडेही रेल्वे होती, पण बोलावलेला शिपाई आधी आपल्या डेपोत जाणार, तिथून गणवेश घेऊन देशाच्या दुसऱ्या टोकाला असलेली आपली पलटण शोधणार. एका फ्रेंच जनरलने बेलफोर्टहून पॅरिसला तार केली होती, मी पोचलोय, पण माझी ब्रिगेड सापडत नाही, काय करू? अधिकाऱ्यांना नकाशे दिले होते ते जर्मनीचे. लढाई आपल्याच देशात होईल, असं कुणाच्या मनातही नव्हतं.

मेत्सच्या पश्चिमेला ग्रॅव्हलोत हे खेडं आहे. तिथे २०१४पासून या युद्धाचं आणि नंतरच्या जर्मन अमलाचं संग्रहालय आहे. जोराचा पाऊस कोसळायला लागला की फ्रान्समध्ये आजही म्हणतात, ‘ग्रॅव्हलोतसारखा पडतोय’. म्हणणाऱ्यांतल्या कित्येकांना ते गाव कुठे आहे हेही ठाऊक नसतं. तो पाऊस होता गोळ्यांचा.

संग्रहालयात दोन बंदुका शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. फ्रेंच शासपो आणि प्रशियाची द्रायझं. दिसायला फारसा फरक नाही. शासपोची गोळी बाराशे मीटरपर्यंत जायची, द्रायझंची जेमतेम सहाशे. म्हणजे प्रशियाच्या शिपायाला आपली बंदूक चालवता येण्याआधी सहाशे मीटर नुसत्या गोळ्या झेलत पुढे यायचं. दुसऱ्या पारड्यात होत्या क्रुपच्या पोलादी तोफा. त्या मागून भरायच्या आणि लांबून अचूक मारा करायच्या. फ्रेंच तोफा काशाच्या, तोंडातून ठासायच्या. अशी एकेक सरस गोष्ट दोन्हीकडे असल्यावर काय होतं, ते १८ ऑगस्टला या पठाराने पाहिलं.

ग्रॅव्हलोतहून सँ-प्रिव्हापर्यंत शेतांमधून रस्ता जातो. आम्ही गेलो तेव्हा पिकं निघाली होती, नांगरलेली तांबूस जमीन दूरवर उघडी पडलेली. सँ-प्रिव्हा चढावर आहे. खालून वर पाहिलं की एक झाड, एक बांध, एक खड्डा असा आडोसा नाही. याच चढावरून प्रशियाच्या राजाची खास गार्ड पलटण रांगा धरून वर चढली. वरून मार्शल कॅनरोबेरच्या शिपायांनी शासपो रोखल्या होत्या. थोड्या वेळात गार्डचे सुमारे ८ हजार सैनिक मेले किंवा जायबंदी झाले. भाची म्हणाली, “चालून बघू या?” आम्ही चढ चालून गेलो. पंचवीस-तीस मिनिटं लागली. मला दम लागला म्हणून नव्हे, पण मध्ये दोनदा थांबावंसं वाटलं.

संध्याकाळपर्यंत त्या दिवशी जर्मनांचे सुमारे २० हजार आणि फ्रेंचांचे १२ हजार सैनिक कामी आले होते किंवा जखमी झाले होते. नुकसान जर्मनांचं जास्त. पण माघार घेतली ती फ्रेंचांनी. मार्शल बाझेनने आपली सगळी फौज मेत्सच्या तटांआड नेली आणि तिथेच कोंडून घेतलं. २७ ऑक्टोबरला तो पावणेदोन लाखांच्या आसपास सैन्यासह शरण आला. पुढे त्याच्यावर खटला होऊन मृत्युदंड झाला, तो कमी करून कैदेवर आणला गेला आणि १८७४मध्ये तो एका बेटावरच्या कैदेतून पळाला. युद्धातल्या पराभवाचं खापर त्या एकट्याच्या माथी फुटलं, हे मला पटत नाही. सैन्याची व्यवस्थाच पोकळ होती.

त्या शेतांतून फिरताना कडेकडेला स्मारकं दिसत राहतात, दोन्ही देशांची. इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. १८७१च्या फ्रँकफुर्टच्या तहात सोळावं कलम आहे : आपापल्या हद्दीत पुरलेल्या सैनिकांच्या कबरी, मग ते कुणाचेही असोत, दोन्ही सरकारांनी जपायच्या. त्याआधीच्या लढायांत साध्या शिपायाला एका मोठ्या खड्ड्यात लोटत आणि जमीन पुन्हा नांगराखाली जाई. फ्रान्सने ४ एप्रिल १८७३ला त्यासाठी कायदा केला. त्या कायद्याची तारीख असलेल्या बिडाच्या पाट्या फ्रान्समधल्या दफनभूमींत अजून आहेत. साध्या शिपायाच्या कबरीला इथे कायद्याचं संरक्षण मिळालं.

मेत्सहून पुढचा मुक्काम सेदान. म्यूज नदीच्या वळणातलं हे शहर खोलगट जागी आहे आणि भोवती टेकड्या. किल्ला प्रचंड, युरोपातल्या सर्वांत मोठ्या किल्ल्यांपैकी. पण तटावर उभं राहून सभोवार पाहिलं की कुणालाही कळतं, टेकड्या ज्याच्या ताब्यात, शहर त्याच्या मुठीत. बाझेनला सोडवायला निघालेली मार्शल मॅकमाहोनची फौज ऑगस्टअखेर इथे येऊन अडकली. सोबत स्वतः बादशहा होता, मूतखड्याच्या वेदनांनी हैराण झालेला. १ सप्टेंबरच्या पहाटे लढाई सुरू झाली. मॅकमाहोन सकाळीच जखमी झाला, मग काही तासांत फौजेने आणखी दोन सेनापती पाहिले, पहिल्याचा हुकूम दुसऱ्याने फिरवला. टेकड्यांवरून तोफा गावावर आणि गावात गोळा झालेल्या सैन्यावर चालत राहिल्या.

सेदानला खेटून बाझेय नावाचं खेडं आहे. तिथली एक दुमजली खाणावळ आज ‘शेवटच्या काडतुसाचं घर’ म्हणून जपून ठेवली आहे. फ्रान्सच्या नौदलाच्या पायदळातले काही जण या घरात अडकले आणि काडतुसं संपेपर्यंत बव्हेरियन पलटणींशी लढले. अल्फाँस द नव्हिल या चित्रकाराने १८७३मध्ये त्यावर चित्र काढलं आणि ते घरोघरी पोचलं. मी वरच्या खोलीत गेले. खोली लहान. तीत इतकी माणसं, धूर, जखमी कसे मावले असतील याचा अंदाज येईना. शौर्य खरंच होतं. पण गावकऱ्यांचं काय झालं, ते चित्रात नाही. घराघरांतून गोळ्या येतात म्हणून बव्हेरियन सैनिकांनी बाझेय पेटवलं आणि शिपायांबरोबर गावकरीही मेले. गावच्या अस्थिगृहात सुमारे ३ हजार फ्रेंच आणि जर्मन सैनिकांची हाडं एकाच छपराखाली आहेत.

२ सप्टेंबरच्या सकाळी तिसरा नेपोलियन बग्गीतून बिस्मार्कला भेटायला निघाला. दाँशेरीजवळ एका विणकराच्या घरी दोघे बसले. त्याच दिवशी बेलव्ह्यूच्या वाड्यात शरणागतीवर सह्या झाल्या. बादशहासह लाखभर माणूस कैदेत गेला. युद्ध पुकारून जेमतेम सहा आठवडे झाले होते. याच सेदानपाशी मे १९४०मध्ये जर्मन रणगाड्यांनी पुन्हा म्यूज ओलांडली.

पुढचा भाग बहुतेकांना थोडाफार ठाऊक असतो. ४ सप्टेंबरला पॅरिसमध्ये प्रजासत्ताक जाहीर झालं, पण युद्ध थांबलं नाही. १९ सप्टेंबरला शहराला वेढा पडला. नव्या सरकारातला मंत्री गांबेता मोंमार्त्रहून फुग्यात बसून वेढ्याबाहेर गेला आणि त्याने नव्या फौजा उभ्या केल्या. बारीक फिल्मवर उतरवलेली पत्रं कबुतरं आणत. लोकांनी घोडे, कुत्री, मांजरं, उंदीर खाल्ले, प्राणिसंग्रहालयातले कॅस्टर आणि पोलक्स हे हत्तीही कापले गेले. २८ जानेवारी १८७१ला युद्धबंदी झाली. त्याआधी दहा दिवस, १८ जानेवारीला, व्हर्सायच्या आरसेमहालात जर्मन साम्राज्याची घोषणा झाली होती. चौदाव्या लुईने बांधलेल्या त्याच दालनात २८ जून १९१९ला पहिल्या महायुद्धानंतरच्या तहावर सही करायला जर्मनीला बोलावलं गेलं. जागा मुद्दाम निवडलेली होती आणि अपमानाची परतफेड अपमानाने झाली.

वसंतात पॅरिसचं कम्यून, म्हणजे बंडखोर नागरिकांचं सरकार, उभं राहिलं आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात फ्रेंच सैन्यानेच ते रक्तात बुडवलं. पेर लाशेज दफनभूमीतल्या एका भिंतीपाशी १४७ कम्यूनवाद्यांना ओळीने गोळ्या घातल्या गेल्या. त्या भिंतीपाशी आजही फुलं असतात. सारं धरून युद्धात फ्रान्सचे अंदाजे १ लाख ४० हजार सैनिक गेले, जर्मनीचे अंदाजे ४५ हजार. त्यांतले कितीतरी देवी आणि इतर रोगांनी.

तहात फ्रान्सने ५ अब्ज फ्रँक देण्याचं कबूल केलं. कर्जरोख्यांना लोकांनी इतका प्रतिसाद दिला की पैसा मुदतीआधी फिटला आणि सप्टेंबर १८७३मध्ये शेवटची जर्मन तुकडी परत गेली. त्या पैशातलं १२ कोटी मार्कांचं सोनं बर्लिनजवळ श्पांडाऊच्या बुरुजात पुढच्या युद्धासाठी ठेवलं गेलं. पण पैशाने न फिटणारं होतं ते म्हणजे अल्सास आणि लोरेनचा मोझेल भाग. तो जर्मनीने घेतला. ज्यांना फ्रेंच राहायचंय त्यांनी १ ऑक्टोबर १८७२पर्यंत घरदार सोडून जावं. हजारो कुटुंबं निघाली.

ही गोष्ट आपल्याकडच्या मुलांपर्यंत वेगळ्या वाटेने पोचली आहे. सीबीएसईच्या बारावीच्या इंग्रजीच्या पुस्तकात वर्षानुवर्षं ‘द लास्ट लेसन’ हा धडा आहे. आल्फाँस दोदेच्या १८७३मधल्या कथासंग्रहातली ही कथा. उद्यापासून शाळेत जर्मनच शिकवायची, म्हणून म्हातारे मास्तर फ्रेंचचा शेवटचा तास घेतात. भाची म्हणाली, “मावशी, ती वाचून मी रडले होते. इथे आल्यावर कळलं की त्या गावातली बहुतेक मुलं घरी फ्रेंच बोलतच नव्हती. अल्साशियन बोलत होती. ती तर जर्मनचीच बहीण.” मी थबकले. दोदेचं दुःख खोटं नाही. पण त्या कथेत मुलांची घरची बोली कुठेच नाही. १८७१नंतर तिथे जर्मन आली, १९१८नंतर फ्रेंच, १९४०मध्ये नाझींनी फ्रेंचवर बंदी घातली, १९४५नंतर पुन्हा फ्रेंच. दरवेळी शाळेने मुलांना सांगितलं की तुमची बोली कमी दर्जाची. १८७०पूर्वी जन्मलेल्या आणि १९४५ पाहिलेल्या अल्सासच्या माणसाचं नागरिकत्व चार वेळा बदललं, घर न बदलता. आता स्ट्रासबुर्गच्या जुन्या गल्ल्यांत फ्रेंच नावाखाली अल्साशियन नावाची पाटी असते. नातवंडांना मात्र ती बोली फारशी येत नाही. या युद्धाची सर्वांत मोठी हानी मला हीच वाटते.

भाचीच्या पगाराच्या कागदावर एक वेगळी कपात असते, स्थानिक आरोग्य विम्याची. हा विमा बिस्मार्कच्या काळातला. फ्रान्समध्ये इतरत्र डॉक्टरच्या खर्चातले ७० टक्के परत मिळतात, इथे ९० टक्के. १९०५मध्ये फ्रान्सने चर्च आणि सरकार वेगळं केलं, तेव्हा हा भाग जर्मनीत होता. म्हणून इथे तो कायदा आजही लागू नाही, इथल्या पाद्र्यांचे पगार सरकार देतं. १९१८नंतर लोकांनी हे हक्क सोडायला नकार दिला. मी त्यांच्या जागी असते तर मीही दिला असता.

परतीच्या आदल्या दिवशी मी एकटीच स्ट्रासबुर्गच्या वाचनालयात गेले. १८७०च्या वेढ्यात, २४ ऑगस्टच्या रात्री, जर्मन तोफांनी शहराचं जुनं ग्रंथालय जाळलं. हेराड नावाच्या मठाधिपती बाईंनी बाराव्या शतकात सिद्ध केलेला ‘हॉर्टुस डेलिसियारुम’ हा चित्रमय ज्ञानकोश त्या रात्री राख झाला. आज तो फक्त कुणीकुणी आधी करून ठेवलेल्या नकलांतून कळतो. त्यानंतर जिंकणाऱ्यांनीच नवं ग्रंथालय उभारलं, त्यासाठी देशोदेशींहून पुस्तकं आली आणि आज ते फ्रान्समधल्या सर्वांत मोठ्या ग्रंथालयांपैकी एक आहे.

नाताळच्या बाजारासाठी स्ट्रासबुर्गला जाणारी मराठी मंडळी आता पुष्कळ असतात. २६ डिसेंबरला तिथे सुट्टी असते, उरलेल्या फ्रान्समध्ये नसते. तीही जर्मन काळातलीच. बाजार ब्रोग्ली चौकात भरतो. तिथून ऑपेराच्या बाजूने कालव्यावरचा पूल ओलांडा, पाच मिनिटांत प्लास द ला रेपुब्लिक लागेल. हे ग्रंथालय त्याच चौकात आहे. चौकातला जर्मन सम्राटाचा घोड्यावरचा पुतळा १९१८मध्ये लोकांनी पाडला. आता तिथे १९३६मध्ये उभारलेली एक आई आहे, मांडीवर दोन मरणारी तरुण मुलं घेऊन बसलेली. एक जर्मनीच्या बाजूने मेलेला, एक फ्रान्सच्या. पहिल्या महायुद्धात इथल्या सुमारे ३ लाख ८० हजार जणांना जर्मन गणवेशात लढावं लागलं होतं, म्हणून मुलांच्या अंगावर गणवेश दाखवलेला नाही. खाली लिहिलंय, ‘आमच्या मृतांना’. कुठल्या देशासाठी मेले, ते लिहिलेलं नाही. तुम्ही गेलात तर तिथे थोडा वेळ थांबा.